कौन्सिलच्या घरांचा कारभार पुन्हा कौन्सिलकडे: हे काम टप्प्याटप्प्याने कसं करायचं

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरांचा कारभार वेगळ्या कंपनीकडून काढून परत कौन्सिलच्या खात्याकडे आणण्याचं काम गेली पंधरा वर्षं चालू आहे. लीड्स आणि शेफील्ड 2013 मध्ये, हॅकनी 2016 मध्ये, वेम्बली ज्या बरोमध्ये (पालिकेच्या हद्दीत) येतं तो ब्रेंट 2017 मध्ये, वेस्टमिन्स्टर 2019 मध्ये, हॅरिंगे 2022 मध्ये, तर नॉटिंगहम, लुइशम आणि टॉवर हॅम्लेट्स 2023 मध्ये या वाटेने गेले. हा लेख अशा बदलात प्रत्यक्ष हात असलेल्यांसाठी आहे. तुम्ही कौन्सिलर असाल, हाउसिंग खात्यात नोकरीला असाल, भाडेकरू संघटनेच्या समितीवर असाल, किंवा पूर्वीचा कौन्सिल फ्लॅट विकत घेऊन लीजहोल्डर म्हणून राहत असाल, तर तुमच्या बरोमध्ये हा विषय निघाल्यावर काय काय बघायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी. म्हाडाच्या सोडतीत बहुतेकांना घर विकत मिळतं. कौन्सिलचं घर मुळात भाड्याचं असतं आणि त्याची मालक कौन्सिलच असते. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, त्यामुळे एकाच जिन्यावर एक दार भाडेकरूचं आणि शेजारचं लीजहोल्डरचं, असं चित्र सगळीकडे दिसतं. 2002 पासून ‘आल्मो’ कंपन्या आल्या. कंपनी पूर्णपणे कौन्सिलच्या मालकीची, पण संचालक मंडळ वेगळं. भाडं वसूल करणं, दुरुस्त्या, तक्रारी, जिन्यांची झाडलोट हे सगळं तिने बघायचं. कौन्सिलांनी हा मार्ग धरला त्यामागे मोठं कारण पैशाचं होतं. कंपनी काढली आणि ऑडिट कमिशनच्या तपासणीत तिला दोन तारे मिळाले, की घरं ठरलेल्या दर्जाला आणण्यासाठी सरकारकडून जादा निधी मिळायचा. भर जोरात असताना अशा सुमारे 70 कंपन्या दहा लाखांच्या आसपास घरं सांभाळत होत्या. एप्रिल 2012 मध्ये घरांच्या हिशेबाची पद्धत बदलली, कौन्सिलांना भाड्याचा पैसा स्वतःकडे ठेवता येऊ लागला, आणि वेगळ्या कंपनीचं मुख्य कारण संपलं.

पहिलं पाऊल: जबाबदारी कुणाची, हे कागदावर बघा

सगळ्यात आधी कौन्सिल आणि कंपनी यांच्यातला व्यवस्थापन करार बाहेर काढा. मुदत कधी संपते, मध्येच मोडता येतो का, नोटीस किती महिन्यांची, ही तीन कलमं आधी वाचा. नोटिशीचा काळ लांब असेल तर घाबरायचं कारण नाही. कंपनीची एकमेव मालक कौन्सिल असल्यामुळे संचालक मंडळाशी बोलून संमतीने करार लवकर संपवता येतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच मार्ग सोयीचा पडतो.

याच कागदात आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती भाडेकरूंना पहिल्याच बैठकीत सांगायला हवी. घरमालक म्हणून कायद्याची जबाबदारी एक दिवसही कौन्सिलकडून सुटलेली नव्हती. ईस्ट केंटमध्ये कँटरबरी, डोव्हर, फोकस्टन अँड हाइद आणि थॅनेट या चार कौन्सिलांनी मिळून एकच कंपनी काढली होती. 2019 मध्ये गॅसच्या सुरक्षा तपासण्या वेळेवर झाल्या नसल्याचं उघड झालं, तेव्हा अशा घरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने ठपका ठेवला तो चारही कौन्सिलांवर. कंपनी मधे होती म्हणून कुणी वाचलं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये चौघींनी आपापली घरं परत घेतली.

एखादा कौन्सिलर सभेत ‘आम्ही जबाबदारी परत घेत आहोत’ असं म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. जबाबदारी आहेच, परत येतं आहे ते काम, माणसं आणि माहिती. आराखडा या समजुतीवर उभा राहिला तर पुढचे अर्धे घोळ टळतात.

दुसरं पाऊल: कारण ठरवा आणि ते लिहून काढा

खर्चात बचत, दुरुस्त्यांमधला ढिसाळपणा, भाडेकरूंचा उडालेला विश्वास, सुरक्षिततेत सापडलेली त्रुटी यातलं नेमकं कोणतं कारण, ते एका पानात लिहा. दोन मुख्य अधिकाऱ्यांचे पगार आणि एका संचालक मंडळाचा खर्च वाचेल, एवढ्याच हिशेबावर ठराव आणू नका. पहिल्या वर्षी वाचण्यापेक्षा खर्चच जास्त होतो: संगणक यंत्रणा जोडायची असते, वकील लागतात, सर्वेक्षण करायचं असतं. माझ्या मते हा बदल करण्याचं खरं बळकट कारण एकच. छत गळत असलेल्या बाईने निवडून दिलेल्या माणसाला विचारलं, तर त्याला ‘ते कंपनीचं आहे’ असं उत्तर देता येऊ नये.

कारणाबरोबर पर्यायही मांडा. कंपनी तशीच ठेवून करार कडक करणं, काही कामंच परत घेणं, सगळं परत घेणं. प्रत्येकाचा खर्च आणि धोका समोरासमोर हवा. हा अहवाल कौन्सिलच्या मंत्रिमंडळासमोर (कॅबिनेटसमोर) जाण्याआधी छाननी समितीकडे जाऊ द्या.

तिसरं पाऊल: भाडेकरूंना विचारा, आणि ठरवण्याआधी विचारा

हा टप्पा अनेक कौन्सिलांनी उरकून टाकल्यासारखा केला. 1985 च्या हाउसिंग ॲक्टचं कलम 105 सांगतं, की व्यवस्थापनातल्या अशा मोठ्या बदलाआधी सिक्युअर (कायद्याने पक्का भाडेकरार असलेल्या) भाडेकरूंना माहिती द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि निर्णय घेताना ते विचारात घ्यायचं. एप्रिल 2024 पासून लागू झालेली नियामकाची ग्राहक मानकं त्याहून पुढे जातात. बदलाचे फायदे आणि तोटे, खर्चासकट, आत्ताचे आणि पुढचे, भाडेकरूंसमोर मांडावे लागतात, आणि त्यांच्या म्हणण्याचा निर्णयावर काय परिणाम झाला ते दाखवावं लागतं.

सल्लामसलत कोर्टात टिकते की नाही याची कसोटी 1985 च्या गनिंग खटल्यातून आली. तो खटला ब्रेंट कौन्सिलविरुद्धच होता, शाळांच्या बाबतीत. प्रस्ताव अजून कच्चा असताना विचारायचं, लोकांना विचार करता येईल इतकी कारणं द्यायची, पुरेसा वेळ द्यायचा, आणि आलेली उत्तरं मनापासून तोलायची. मंत्रिमंडळाने ठराव आधीच पक्का केला आणि मग पत्रकं वाटली, तर पहिलीच कसोटी हुकते. म्हणून पहिल्या ठरावाचे शब्द जपून निवडा: ‘या पर्यायाकडे कल आहे, भाडेकरूंशी बोलून अंतिम निर्णय घेऊ.’

मतदान घ्यायचं का? कंपनी काढताना मतदान घेतलं असेल, तर मोडतानाही त्याच तोलाचं काहीतरी घ्यावं, हे न्यायाला धरून आहे. शेफील्डने मतदान घेतलं होतं. मतदान नसलं तर निदान प्रत्येक घरी पत्र, प्रत्येक मोठ्या वसाहतीत बैठक, संध्याकाळची आणि शनिवारची वेळ, दुभाषे, आणि फोनवरून सर्वेक्षण एवढं तरी हवंच. कलम 105 लीजहोल्डरांना लागू होत नाही, पण त्यांना वगळणं शहाणपणाचं नाही. त्यांचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या खर्चातला वाटा, याच व्यवस्थेतून येणार असतो.

पत्रात एक वाक्य ठळक छापा: तुमचा भाडेकरार बदलत नाही, भाडं या बदलामुळे वाढत नाही, नवीन कागदावर सही करायची नाही. ज्येष्ठ भाडेकरूंना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. अपवाद एकच: काही कंपन्यांनी स्वतःच्या नावावर घरं बांधली किंवा घेतली. त्या घरांचे भाडेकरू कंपनीचे असतात, कौन्सिलचे नसतात. त्यांची यादी वेगळी काढा, त्यांना वेगळं पत्र द्या, त्यांच्यासाठी वकिलाचा सल्लाही वेगळा घ्या.

चौथं पाऊल: घरांची खरी स्थिती दारापर्यंत जाऊन तपासा

माझं सगळ्यात जास्त लक्ष या पावलावर आहे. हस्तांतराच्या तारखेच्या किमान सहा महिने आधी हे सुरू व्हायला हवं.

कंपनीकडे मागायच्या याद्या सहा: गॅस, वीज, आगीची जोखीम, ॲस्बेस्टॉस, पाण्यातला लीजनेला जीवाणू आणि लिफ्ट. गॅसची तपासणी दर वर्षी व्हावी लागते. माणसं ने-आण करणाऱ्या लिफ्टची सखोल तपासणी दर सहा महिन्यांनी. याद्या आल्या की टक्केवारी वाचून समाधान मानू नका. ‘99 टक्के पूर्ण’ हा आकडा कशाच्या 99 टक्के, ते विचारा.

घोळ कसा होतो ते बघा. समजा एका इमारतीत 14 नंबरचा फ्लॅट आहे आणि गच्चीखाली नंतर काढलेला 14ए. भाड्याच्या यादीत दोन्ही आहेत. गॅसच्या कंत्राटदाराकडे फक्त 14 आहे. दुरुस्तीच्या यंत्रणेत दोन्हींचा मिळून एकच क्रमांक आहे. गॅसवाला दर वर्षी 14 ला जातो, प्रमाणपत्र देतो, अहवालात त्याचं काम 100 टक्के दिसतं. 14ए मधल्या बॉयलरला कुणी हात लावलेला नसतो, आणि तो कुठल्याच थकबाकीत दिसत नाही, कारण तो त्या यादीतच नाही. म्हणून भाड्याची यादी पाया धरा, कारण भाडं जिथून येतं ते दार नक्की आहे. मग प्रत्येक तपासणीची यादी तिच्याशी घर-घर जुळवा. न जुळलेली दारं हीच तुमची पहिली कामाची यादी.

त्यानंतर काही इमारती निवडा आणि माणसं पाठवा. प्रमाणपत्र म्हणतं आगीचा दरवाजा बदलला; तो आपोआप बंद होतो का, ते हाताने ढकलून बघा. दुरुस्तीच्या नोंदीत ‘घरात कुणी नव्हतं, काम बंद’ असा शेरा किती वेळा आला आहे ते मोजा, आणि त्यातल्या काही घरांची दारं खरोखर वाजवा. ओल आणि बुरशीच्या तक्रारी अशा शेऱ्यांखाली सगळ्यात जास्त दबतात. रॉचडेलमध्ये आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाच्या कायद्याच्या तरतुदी 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहेत. तातडीच्या धोक्याची तपासणी करून 24 तासांत तो दूर करायचा. गंभीर ओल किंवा बुरशी असेल तर कामाच्या 10 दिवसांत तपासणी, आणि तपासणी संपल्यापासून कामाच्या 5 दिवसांत घर सुरक्षित करण्याचं काम. हस्तांतराच्या गडबडीत एखादी तक्रार जुन्या यंत्रणेत अडकली, म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

ग्रेनफेल टॉवरची गोष्ट इथे टाळता येत नाही. केन्सिंग्टन अँड चेल्सी बरोची घरं सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यातल्या या इमारतीत 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. रहिवाशांच्या ग्रेनफेल ॲक्शन ग्रुपने नोव्हेंबर 2016 मध्येच अनर्थाचा इशारा लिहून दिला होता. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने दाखवलं, की आगीच्या जोखमीतून निघालेली कामं तुंबली होती, आणि त्या बाबतची माहिती संचालक मंडळापासून व कौन्सिलपासून दडवली जात होती. मार्च 2018 मध्ये कारभार कौन्सिलकडे आला. ज्यांना अजूनही याद्या जुळवण्याचं काम कारकुनी वाटतं, त्यांनी त्या अहवालातलं व्यवस्थापनावरचं प्रकरण वाचावं.

निदान 18 मीटर उंच किंवा निदान सात मजली इमारतींसाठी 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनुसार नोंदणी, सुरक्षितता अहवाल आणि रहिवाशांशी संवादाची योजना लागते. त्या कागदांवर कंपनीतल्या अधिकाऱ्यांची नावं आणि फोन असतील, तर हस्तांतराच्या दिवसाआधी ते बदला. जिन्यातल्या सूचनाफलकावरचे सुद्धा.

शेवटी, जे सापडेल ते लपवू नका. हॅरिंगेने जून 2022 मध्ये कारभार परत घेतला आणि जानेवारी 2023 मध्ये स्वतःहून नियामकाकडे जाऊन आपल्या घरांची वाईट स्थिती सांगितली. मार्चमध्ये नियामकाने कौन्सिलविरुद्ध निष्कर्ष जाहीर केला. वर्तमानपत्रात नाव गेलं, तरी मला ते पाऊल योग्यच वाटतं. दोष कळल्यावरच भाडेकरूंना तारखा देता येतात.

पाचवं पाऊल: माणसं

कंपनीतले कर्मचारी ‘ट्यूपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 2006 च्या नियमांखाली आहे त्या पगारावर, आहे त्या शर्तींवर कौन्सिलकडे येतात. युनियनशी चर्चा लवकर सुरू करा. कर्मचाऱ्यांची तपशीलवार माहिती कंपनीने किमान 28 दिवस आधी द्यायची असते, पण तोवर थांबलात तर पहिला पगार चुकेल. पेन्शन बहुतेक ठिकाणी त्याच लोकल गव्हर्नमेंट योजनेत राहते. कंपनीच्या वाट्याची तूट कुणाकडे जाते, ते ॲक्च्युअरीकडून, म्हणजे पेन्शनचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाकडून, लेखी घ्या.

समान वेतनाचा धोका वेगळा तपासा. कंपनीतल्या दुरुस्ती कामगारांना कामाच्या प्रमाणात बोनस मिळत असेल आणि कौन्सिलमध्ये त्याच तोलाचं काम करणाऱ्या, बहुतेक बायका असलेल्या गटाला तो मिळत नसेल, तर एका मालकाखाली आल्यावर दावे उभे राहू शकतात.

आणि वसाहतीत रोज फिरणाऱ्या माणसांना सांभाळा. कुठल्या गटाराला दर पावसाळी आठवड्यात काठी घालावी लागते, हे केअरटेकरला माहीत असतं. ते कुठल्याच यंत्रणेत लिहिलेलं नसतं. असे लोक अनिश्चिततेच्या काळात आधी नोकरी सोडतात. त्यांच्याबरोबर प्रत्येक वसाहतीचा फेरा मारून टिपणं काढून ठेवा.

सहावं पाऊल: पैसा, आणि लीजहोल्डरांचे हिशेब

घरभाड्याचं खातं, म्हणजे हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट, 1989 च्या कायद्याने बांधील आहे. भाडेकरूंचा पैसा ग्रंथालयावर किंवा रस्त्यावर खर्च करता येत नाही. कारभार आत आला की कौन्सिलच्या वकील, संगणक, मनुष्यबळ विभागांचा खर्च या खात्यावर टाकला जातो, आणि तो किती टाकायचा यात गडबड होऊ शकते. नॉटिंगहममध्ये या बांधील खात्यातला पैसा चुकीच्या रीतीने सामान्य खर्चाकडे गेल्याचं 2021 मध्ये उघड झालं. म्हणून भाडेकरू समितीने दर वर्षी एक तक्ता मागावा: कुठल्या विभागाने किती रक्कम लावली आणि कोणत्या आधारावर.

लीजहोल्डरांसाठी दोन गोष्टी. एक वर्षाहून लांबच्या कराराचा एखाद्या लीजहोल्डरवर वर्षाला 100 पौंडांहून जास्त बोजा पडणार असेल, किंवा मोठ्या दुरुस्तीचा 250 पौंडांहून जास्त, तर 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम 20 नुसार आधी विचारणा करावी लागते. नाहीतर वसुली त्या मर्यादेवरच अडकते. त्याच कायद्यात 18 महिन्यांचा नियमही आहे. खर्च झाल्यावर तेवढ्या काळात मागणी किंवा लेखी सूचना गेली नाही, तर पैसे मागता येत नाहीत. हस्तांतरात पावत्या हरवल्या तर तो खर्च भाडेकरूंच्या खात्यावर येऊन पडतो, हे कौन्सिलने विसरू नये.

सातवं पाऊल: कंत्राटं आणि संगणक

चालू कंत्राटं कंपनीच्या नावावर असतात. प्रत्येकाची यादी करून ती कौन्सिलच्या नावावर करून घ्या. कंत्राटदाराची लेखी संमती लागते, आणि काही जण ही संधी साधून दर वाढवून मागतात. संगणकाबाबत माझा सल्ला सोपा आहे: कारभार आणि यंत्रणा एकाच दिवशी बदलू नका. जुनी यंत्रणा वर्षभर तशीच चालू ठेवा, माहिती स्वच्छ करा, मग नव्यात न्या.

आठवं पाऊल: पहिला दिवस

भाडेकरूला पहिल्या दिवशी तीनच गोष्टी कळायला हव्यात: फोन लागतो, दुरुस्तीची ठरलेली वेळ टिकते, भाडं नेहमीसारखं जमा होतं. जुने फोन नंबर बंद करू नका, ते पुढे वळवा. भाडं कंपनीच्या खात्यात जात असेल, तर डायरेक्ट डेबिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यातून थेट येणाऱ्या भाड्याचे तपशील आधी बदलून घ्या. नाहीतर ज्यांनी भाडं भरलं त्यांनाच थकबाकीचं पत्र जाईल. सोमवार टाळा. एप्रिलची पहिली तारीख हिशेबाला सोयीची, पण भाडेवाढीची पत्रं त्याच सुमारास जातात आणि लोक दोन्हींचा संबंध जोडतात. लुइशमने ऑक्टोबर निवडला, टॉवर हॅम्लेट्सने नोव्हेंबर.

त्यानंतरचं वर्ष

कंपनीच्या संचालक मंडळावर बहुतेक ठिकाणी एक तृतीयांश जागा भाडेकरूंच्या असायच्या. कंपनी गेली की त्या जागा जातात, आणि हा तोटा खरा आहे. कौन्सिलमध्ये मतदान करून निर्णय घेण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचाच असतो, पण भाडेकरूंचं एक मंडळ नेमून त्याला ठोस हक्क देता येतात: सुरक्षिततेचे आकडे दर तिमाहीला पाहण्याचा, अधिकाऱ्यांना समोर बोलावून विचारण्याचा, आणि मंडळाचं मत मंत्रिमंडळाच्या अहवालात जसंच्या तसं छापलं जाण्याचा. हे मंडळ हस्तांतराआधी बसवा. कंपनी मोडल्यावर ‘नंतर बघू’ म्हटलं, की दोन वर्षं सहज जातात. भाडेकरू स्वतः चालवत असलेल्या व्यवस्थापन संस्था असतील, तर त्यांचे करार वेगळे आहेत; या बदलात त्यांना हात लावायचा नाही.

नियामकाचे भाडेकरू समाधानाचे 22 निकष दर वर्षी प्रसिद्ध करावे लागतात. हस्तांतराआधीच्या वर्षाचे आकडे आणि नंतरचे आकडे एकाच पानावर छापा, आणि हजाराहून जास्त घरं असलेल्या कौन्सिलची चार वर्षांतून एकदा होणारी तपासणी कधी येते आहे, तेही लक्षात ठेवा.

कंपनी गुंडाळण्याची घाई मात्र नको. तिच्यावरचे विम्याचे दावे, कोर्टातली प्रकरणं, लेखापरीक्षण आणि जुनी कागदपत्रं यांचा निकाल लागेपर्यंत ती नावापुरती जिवंत ठेवा. केन्सिंग्टनमधली संस्था कारभार गेल्यावरही चौकशीला उत्तर देण्यासाठी अस्तित्वात ठेवली गेली. ईमेल, बैठकींची इतिवृत्तं आणि आगीच्या जोखमीचे जुने अहवाल कुठे ठेवले आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत आणि किती वर्षं राखायचे आहेत, याची यादी करून ती कौन्सिलच्या कायदा विभागाकडे सहीनिशी सोपवा.